आधी कापलं, मग आवाज आला: तयार कटवर रेकॉर्डरचा आवाज कसा बसवायचा

लालबागच्या एका चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत एका निवृत्त गिरणी कामगाराची मुलाखत आम्ही शूट केली होती. आजोबा खिडकीपाशी बसलेले, डोक्यावर पंखा, गॅलरीत शेजारणीचा कुकर, खाली गल्लीत टेम्पो मागे घेताना वाजणारं बीप-बीप. कॅमेरा त्यांच्यापासून साधारण अडीच मीटरवर. कॅमेऱ्याच्या माइकमध्ये आजोबा कमी आणि पंखा जास्त ऐकू येत होता. तरी चिंता नव्हती, कारण सदऱ्याच्या बटणपट्टीला लेपल (कपड्याला अडकवायचा छोटा माइक) लावला होता आणि त्याची वायर खिशातल्या छोट्या रेकॉर्डरला जोडलेली होती. तिथला आवाज स्वच्छ होता.

घोळ पुढे झाला. रेकॉर्डर घेऊन साउंडवाला दुसऱ्या शूटला निघून गेला आणि त्याचं कार्ड माझ्या हातात पडायला चार दिवस लागले. तोवर मी कॅमेऱ्याच्याच आवाजावर बारा मिनिटांचा कट लावून मोकळी झाले होते. एकूण ६४ तुकडे. आता रेकॉर्डरची सलग ५५ मिनिटांची वेव्ह फाइल आली, ती ह्या ६४ तुकड्यांखाली बसवायची. मी तेव्हा नवखी होते. रात्रभर बसून ६४ वेळा तीच फाइल कापली, सरकवली, कानाने जुळवली. सकाळी निर्मात्याचा निरोप आला की पहिल्या मिनिटातलं एक वाक्य काढा. ते काढलं आणि त्यापुढचा सगळा आवाज घसरला, कारण मी चित्र आणि आवाज एकमेकांना लिंकच केले नव्हते.

हे काम हाताने सरकवण्याचं नाहीच. सॉफ्टवेअरला एकदा नीट सांगितलं की कॅमेऱ्याच्या फाइलमधली अमुक फ्रेम म्हणजे रेकॉर्डरच्या फाइलमधला अमुक क्षण, की बाकीचं गणित त्याचं. कुठे सांगायचं आणि कसं, ते खाली लिहिते. मी प्रीमिअर प्रो आणि डाविंची रिझॉल्व्ह दोन्ही वापरते, त्यामुळे उदाहरणं त्यांचीच. रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत ह्यातलं सगळं होतं.

दोन आवाज, एक चित्र

कॅमेऱ्यात जो आवाज येतो त्याला आपल्याकडे पायलट म्हणतात. तो शेवटी प्रेक्षकाला ऐकवायचा नसतो, पण त्याच्याशिवाय चालतही नाही. सॉफ्टवेअर दोन फाइलींच्या वेव्हफॉर्मची, म्हणजे आवाजाच्या आलेखाची, नक्षी ताडून बघतं आणि जिथे चढउतार जुळतात तिथे त्या बसवतं. कॅमेऱ्याचा माइक बंद ठेवला तर ताडायला काहीच उरत नाही. म्हणून पायलट कितीही घाणेरडा असो, तो हवाच. पंख्याच्या घरघरीतसुद्धा माणसाचं बोलणं कुठेतरी उमटलेलं असतं आणि सॉफ्टवेअरला तेवढं पुरतं.

चित्र एका यंत्रावर आणि आवाज दुसऱ्यावर, ही पद्धत जुनी आहे; पण आपल्याकडची सुरुवात उलटी झाली. १४ मार्च १९३१ ला गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात लागलेला ‘आलम आरा’ टॅनार नावाच्या यंत्रणेवर झाला होता. त्यात आवाज थेट त्याच फिल्मवर उमटायचा. स्टुडिओ रेल्वे रुळांजवळ असल्यामुळे गाड्यांचा आवाज टाळायला बरंचसं शूटिंग रात्री केलं गेलं. आवाज वेगळा काढून मागाहून बसवायची सोय नव्हती, तेव्हा दुसरं करणार काय! तुमच्याकडे ती सोय आहे, म्हणून भर दुपारी लालबागला मुलाखत घेता येते.

शूटच्या जागी तीन गोष्टी

एडिटिंगच्या लेखात शूटचं काय, असं वाटेल. पण टेबलावरची निम्मी डोकेदुखी तिथूनच येते.

पहिली, टाळी. दोन्ही यंत्रं चालू झाल्यावर बोलणारा माणूस आणि हात दोन्ही फ्रेममध्ये दिसतील अशी एकच खणखणीत टाळी. क्लॅप (शूटिंगची टाळी वाजवायची पाटी) नसेल तर स्टीलची वाटी आणि चमचा घ्या. कुकरच्या शिट्टीवर भरवसा ठेवू नका. ती हळूहळू चढते, त्यामुळे नेमकी कधी सुरू झाली हे वेव्हफॉर्ममध्ये कळत नाही. टाळीचा आवाज सुईसारखा उभा दिसतो. शेवटीही एक टाळी घ्या, त्याचं कारण पुढे येईल.

दुसरी, सेटिंग. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झवर, २४ बिट, वेव्ह. ४४.१ हे गाण्याच्या सीडीचं माप आहे, व्हिडिओचं ४८. कॅमेरा २५ फ्रेमवर. फोनवर शूट करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवायचं: बहुतेक फोन फ्रेमचा वेग मधेमधे कमीजास्त करतात. अशी फाइल सिंक करायला, म्हणजे चित्र आणि आवाज जुळवायला, घेतली की सुरुवात जुळते आणि दहा मिनिटांनी ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे. ती आधी हँडब्रेक किंवा शटर एन्कोडर ह्या फाइल बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून ठराविक फ्रेमरेटची करून घ्या. आणि हे कापायच्या आधी, नंतर नाही.

तिसरी, रेकॉर्डर मधे बंद करू नका. कॅमेरा दहा वेळा थांबू दे, रेकॉर्डर सलग चालू दे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ अशा आवाजाला तासाला साधारण एक जीबी लागतो, कार्डावर जागा पुष्कळ असते. फक्त कित्येक रेकॉर्डर फाइल दोन जीबीची झाली की आपणहून दुसरी उघडतात. म्हणजे दोन अंकी नाटक शिवाजी मंदिरात सलग रेकॉर्ड केलंत तर दोन तासांच्या आसपास फाइल तुटलेली सापडेल. घाबरू नका, दोन्ही तुकडे टोकाला टोक लावून ठेवले की बसतात.

कापायच्या आधी सिंक

हा राजमार्ग. फुटेज आलं की कट लावायचा मोह आवरा, आधी सिंक करा. मुलाखतीसारख्या कामाला दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

रिझॉल्व्हमध्ये मीडिया पूलमध्ये कॅमेऱ्याची क्लिप आणि वेव्ह फाइल दोन्ही निवडा, राइट क्लिक, ऑटो सिंक ऑडिओ, आणि वेव्हफॉर्मवरून हा पर्याय घ्या. त्यातच एक अपेंड ट्रॅक्सचा पर्याय आहे. तो घेतलात तर कॅमेऱ्याचा पायलटही क्लिपमध्ये राहतो आणि रेकॉर्डरचा आवाज त्याच्यापुढच्या ट्रॅकवर येतो. नवख्यांनी पायलट ठेवावा. पुढे कधी शंका आली तर ताडून बघायला काहीतरी असतं. नवी क्लिप तयार होत नाही, तीच क्लिप आता रेकॉर्डरचा आवाज घेऊन येते.

प्रीमिअरमध्ये प्रोजेक्ट पॅनेलमध्ये दोन्ही निवडून राइट क्लिक, मर्ज क्लिप्स, ऑडिओ. इथे वेगळी, मर्ज झालेली नवी क्लिप तयार होते. तिला ओळखू येईल असं नाव द्या, ‘आजोबा-०१-सिंक’ असं काहीतरी, आणि कट ह्याच क्लिपवरून लावा. मूळ क्लिप वेगळ्या बिनमध्ये (फोल्डरमध्ये) टाका, नाहीतर घाईत चुकून तीच ओढली जाते. माझ्या हातून झालंय, एकदा नव्हे. पुढे साउंड स्टुडिओला काम जाणार असेल तर मर्ज क्लिपऐवजी मल्टिकॅमेरा सोर्स सीक्वेन्स करावा असं बरेच एडिटर सांगतात. कारण मर्ज क्लिपमधून मूळ फाइलची सगळी माहिती नीट पुढे जात नाही. फायनल कट हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी सिंक्रोनाइझ क्लिप्स आहे, काम तेच.

एक सावधगिरी. भजन, लेझीम, ढोल-ताशा असं ठेक्यावर चालणारं काही असेल तर नक्षी पुन्हा पुन्हा तीच येते आणि सॉफ्टवेअर कधी कधी अख्ख्या आवर्तनाने चुकतं. चूक इतकी सफाईदार असते की ऐकताना पटकन कळत नाही. टाळकऱ्याचे हात बघा. तिथे टाळी किंवा क्लॅपवरून हाताने जुळवलेलं बरं.

कापून झालं असेल तर

बहुतेक जण इथेच अडकलेले असतात. कट तयार आहे, मंजूरही झालाय, आणि आवाज आत्ता आलाय. पुढे जायला दोन रस्ते आहेत. थोडे तुकडे असतील तर एकेक बदलायचा, पुष्कळ असतील तर मूळ फाइलच बदलायची.

कुठलाही रस्ता घ्या, आधी प्रोजेक्टची फाइल वेगळ्या नावाने सेव्ह करा. टाइमलाइनची, म्हणजे तुकडे ओळीने लावलेल्या पट्टीची, नुसती नक्कल काढून भागणार नाही, का ते दुसऱ्या रस्त्यात कळेल.

पहिला रस्ता, फ्रेम जुळवून बदल. रिझॉल्व्हमध्ये तो फार सोपा आहे. मीडिया पूलमध्ये वर सांगितल्याप्रमाणे क्लिप आता सिंक करून घ्या. टाइमलाइनवर आधीच बसलेले तुकडे मात्र अजून जुनाच आवाज वाजवत राहतील. पहिल्या तुकड्यावर प्लेहेड (टाइमलाइनवरची उभी रेघ) आणा आणि एफ दाबा. हे मॅच फ्रेम. डावीकडच्या सोर्स व्ह्यूअरमध्ये तीच क्लिप नेमक्या त्याच फ्रेमवर उघडते, पण आता ती सिंक झालेली आहे. आता एफ-११ दाबा, हे रिप्लेस. सोर्समधला प्लेहेड आणि टाइमलाइनवरचा प्लेहेड एकावर एक ठेवून तो तुकडा बदलला जातो. लांबी तीच, चित्र तेच, आवाज नवा. पुढच्या तुकड्यावर जा, एफ, एफ-११. दाबायच्या आधी डेस्टिनेशन ट्रॅक बरोबर आहेत ना, हे बघा. व्हिडिओ पहिल्यावर आणि ऑडिओ पहिल्यावर. नाहीतर तुकडा भलत्याच मजल्यावर जाऊन बसतो. तुकड्यांवर रंगाचं किंवा इफेक्टचं काम झालेलं असेल तर एका तुकड्यावर करून बघा, काम शाबूत राहतंय का, मगच पुढे.

प्रीमिअरमध्ये एक पायरी जास्त, कारण मर्ज क्लिप ही वेगळी वस्तू आहे आणि टाइमलाइनवरच्या तुकड्याला तिचा पत्ता नाही. मर्ज करताना एव्ही क्लिपमधला ऑडिओ काढून टाका, असा चौकोन असतो. ह्या कामापुरता तो टिकमार्क करा, म्हणजे नव्या क्लिपमध्ये रेकॉर्डरचाच आवाज राहील. मग तुकड्याच्या पहिल्या फ्रेमवर प्लेहेड, एफ दाबा. सोर्स मॉनिटरमध्ये मूळ क्लिप उघडेल, तिथला टाइमकोड (तास-मिनिट-सेकंद-फ्रेम असा त्या फ्रेमचा पत्ता) टिपून घ्या. आता सोर्समध्ये मर्ज क्लिप उघडा, तोच टाइमकोड टाइप करा आणि चित्र तेच दिसतंय का हे डोळ्यांनी बघा. आजोबांचा हात कानाशी आहे का, डोळे मिटलेत का, असं. मग टाइमलाइनवरचा तुकडा निवडून राइट क्लिक, रिप्लेस विथ क्लिप, आणि त्यात फ्रॉम सोर्स मॉनिटर, मॅच फ्रेम. त्याच यादीत नुसता फ्रॉम सोर्स मॉनिटर हाही पर्याय आहे. तो घेतलात तर क्लिप इन पॉइंटपासून (क्लिपच्या सुरुवातीच्या खुणेपासून) बसते आणि सगळं चुकतं. मॅच फ्रेमच हवा.

वीसपंचवीस तुकडे असतील तर हा रस्ता बरा. ६४ असतील तर दुसरा.

दुसरा रस्ता मला त्या रात्री माहीत असता तर मी झोपले असते. त्यामागचा विचार साधा आहे. टाइमलाइनवरचा प्रत्येक तुकडा म्हणजे एक चिठ्ठी: अमक्या फाइलमधल्या अमक्या फ्रेमपासून अमक्या फ्रेमपर्यंत. चिठ्ठ्या ६४ असल्या तरी फाइल एकच आहे. मग चिठ्ठ्या कशाला बदलायच्या? त्या फाइलीतला आवाज बदलून टाकला की ६४ चिठ्ठ्या आपोआप नवा आवाज वाजवतील.

असं करा. कॅमेऱ्याची ती क्लिप, अजिबात न कापता, एका नव्या सीक्वेन्समध्ये टाका. फ्रेमरेट क्लिपचाच असू दे. तिच्याखाली दुसऱ्या ऑडिओ ट्रॅकवर रेकॉर्डरची वेव्ह. दोन्ही निवडा, राइट क्लिक, सिंक्रोनाइझ, ऑडिओ. रेकॉर्डर कॅमेऱ्याच्या आधी चालू झाला असेल तर वेव्हचं डोकं क्लिपच्या पुढे आलेलं दिसेल, शेवटी शेपूटही लोंबेल. क्लिपच्या पहिल्या फ्रेमला आणि शेवटच्या फ्रेमला वेव्ह छाटा. पायलटचा ट्रॅक म्यूट. आता सुरुवात, मध्य, शेवट तपासा. ही तपासणी कशी करायची ते पुढच्या भागात आहे आणि ती इथेच करायची, कारण इथली एक दुरुस्ती म्हणजे ६४ दुरुस्त्या. समाधान झालं की क्लिपच्या नेमक्या लांबीएवढा फक्त ऑडिओ एक्स्पोर्ट करा, ४८ किलोहर्ट्झ वेव्ह. मूळ क्लिपचा आवाज स्टिरिओ असेल तर हाही स्टिरिओच. लेपल मोनो असला तरी एक्स्पोर्ट स्टिरिओ करा आणि आवाज मध्यभागी ठेवा. चॅनेलची संख्या बदलली तर प्रीमिअर नवी फाइल घ्यायला कुरकुर करतं.

आता शटर एन्कोडर उघडा, तो फुकट आहे. त्यात पुन्हा एन्कोड न करता एडिटिंग करण्याच्या गटात रिप्लेस ऑडिओ नावाचं फंक्शन आहे. कॅमेऱ्याची क्लिप द्या, तुमची वेव्ह द्या. चित्राला हात न लावता तो आवाज बदलून नवी फाइल देतो, त्यामुळे तासाभराची क्लिपसुद्धा पटकन होते. एमपी-फोरमध्ये वेव्ह नीट मावत नाही, तेव्हा नवी फाइल एमओव्ही करून घेतलेली बरी. ती नव्या फोल्डरमध्ये. मूळ फाइल जशीच्या तशी राहू दे.

शेवटची पायरी प्रीमिअरमध्ये: प्रोजेक्ट पॅनेलमध्ये कॅमेऱ्याच्या क्लिपवर राइट क्लिक, रिप्लेस फूटेज, नवी फाइल दाखवा. झालं. रंग, टायटल, स्लो मोशन, काहीही हललेलं नसतं. रिझॉल्व्हमध्ये मीडिया पूलमध्ये रिप्लेस सिलेक्टेड क्लिप आहे, पण तो टाइमकोड बघतो. नव्या फाइलमध्ये मूळ टाइमकोड उतरला नसेल तर तुकडे ऑफलाइन दिसतील. म्हणून रिझॉल्व्हवाल्यांना मी एफ आणि एफ-११ हेच सांगते.

आणि आता ती सेव्हची गोष्ट. रिप्लेस फूटेज अख्ख्या प्रोजेक्टमध्ये लागू होतं. तुम्ही जपून ठेवलेल्या ‘जुना कट’ नावाच्या टाइमलाइनमध्येही आवाज बदलतो, कारण तिच्या चिठ्ठ्याही त्याच फाइलच्या. पायलटवाला कट खरोखर हवा असेल तर तो वेगळ्या प्रोजेक्ट फाइलमध्येच हवा.

कॅमेऱ्याच्या फाइली तीन असतील तर हे तीनदा करायचं. मात्र गोष्टीचं शूट असेल, दीडशे शॉट्स आणि प्रत्येकाची वेगळी फाइल, तर हा रस्ता निरुपयोगी. तिथे पहिलाच.

एक तिसरा मोह होतो, कापलेले तुकडे आणि वेव्ह एकदम निवडून सिंक्रोनाइझ दाबायचा. नका करू. दोन सेकंदांच्या तुकड्यात नक्षी फार थोडी असते, सॉफ्टवेअर चुकतं किंवा हात वर करतं, आणि जुळलेच तर तुकडे वेव्हच्या क्रमाने सरकून तुमचा कटच विस्कटतो.

भोंगा बघितलास का?

माझ्याकडे नव्या आलेल्या असिस्टंटने पहिल्याच आठवड्यात सांगितलं, “ताई, सिंक बसलं.”

“कशावरून?”

“वेव्हफॉर्म जुळतोय ना.”

“भोंगा बघितलास का?”

त्याला कळेना. आजोबा गिरणीच्या भोंग्याबद्दल बोलतात, १९८२ च्या संपाआधी पहाटे तो कसा अख्ख्या लालबागला उठवायचा, ते सांगतात. शब्द आहे ‘भोंगा’. शाळेत शिकलेला पवर्ग आठवा: प, फ, ब, भ, म. ही अक्षरं म्हणताना दोन्ही ओठ मिटतातच, त्याशिवाय ती निघत नाहीत. म्हणून सिंक तपासायचं ते ह्याच अक्षरांवर. ‘क’ किंवा ‘ग’वर तपासलंत तर तोंडाच्या आत काय चाललंय ते कॅमेऱ्याला दिसत नाही.

मी टाइमलाइन पूर्ण झूम केली. एका फ्रेममध्ये आजोबांचे ओठ घट्ट मिटलेले. पुढच्या फ्रेममध्ये फट दिसते. ‘भों’चा वेव्हफॉर्म ह्या दुसऱ्या फ्रेमपाशी उसळायला हवा. आमच्याकडे तो ओठ मिटलेले असतानाच उसळत होता, म्हणजे आवाज एक फ्रेम पुढे, चित्राच्या आधी. त्याने वेव्ह एक फ्रेम मागे, म्हणजे टाइमलाइनवर उजवीकडे, ढकलली आणि आजोबा एकदम खरं बोलायला लागले.

एक फ्रेम म्हणजे किती? २५ फ्रेमच्या हिशेबात ४० मिलिसेकंद. एवढ्याने काय बिघडतं, असं वाटेल. आवाज थोडा मागे राहिला तर कान चालवून घेतो, पण पुढे आला तर लगेच खटकतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी-१३५९ ह्या शिफारशीत आवाज ४५ मिलिसेकंद पुढे गेला की कळतो आणि मागे पडला तर १२५ मिलिसेकंदांपर्यंत कळत नाही, असे आकडे आहेत. आपल्या सवयीशी ते जुळतं. पावसाळ्यात वीज आधी दिसते, गडगडाट मागून येतो. उलटं कधी होत नाही. त्यामुळे दोन फ्रेममध्ये निवड करायची वेळ आली तर आवाज मागे ठेवा.

सॉफ्टवेअर सिंक करताना बहुधा फ्रेमच्या खाचेतच बसवतं, त्यामुळे अर्ध्या फ्रेमची फट राहू शकते. प्रीमिअरमध्ये टाइमलाइनच्या मेन्यूत ऑडिओ टाइम युनिट्स दाखवा असा पर्याय आहे. तो चालू केला की वेव्ह फ्रेमपेक्षा बारीक सरकते. रिझॉल्व्हमध्ये हे फेअरलाइट ह्या आवाजाच्या पानावर करा.

तपासताना ब्लूटूथ इअरफोन काढून ठेवा. ब्लूटूथमधून आवाज पोचायला वेळ लागतो, दोनतीन फ्रेमसुद्धा सहज, आणि तुम्ही बरोबर असलेलं सिंक बिघडवून ठेवता. वायरचाच हेडफोन. त्या असिस्टंटने लोकलमध्ये बसून ब्लूटूथवर तपासलेला एक भाग मला पुन्हा सगळा करावा लागला होता.

नाट्यगृहात आणखी एक गंमत होते. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, म्हणजे एका फ्रेमच्या वेळात १४ मीटरच्या आसपास. कॅमेरा मागच्या रांगेत २८ मीटरवर असेल तर त्याच्या माइकला आवाज दोन फ्रेम उशिरा मिळतो. रंगमंचावरचा रेकॉर्डर तोच आवाज लगेच पकडतो. सॉफ्टवेअर वेव्हफॉर्म तंतोतंत जुळवतं, आणि रंगमंचावरचा शब्द ओठांपेक्षा दोन फ्रेम मागे पडतो. यंत्राची चूक नाही, त्याने सांगितलं ते केलं. दुरुस्ती मात्र तुम्हालाच करायची: वेव्ह दोन फ्रेम पुढे, म्हणजे टाइमलाइनवर डावीकडे. भोंगा शोधा, नाटकात ‘बाबा’ सापडेलच.

शेवटच्या मिनिटाला सरकलेलं सिंक

पहिल्या टाळीला सगळं बरोबर, शेवटच्या टाळीला दोन फ्रेमचा फरक. हे घसरणं आहे. कॅमेऱ्यातलं घड्याळ आणि रेकॉर्डरमधलं घड्याळ वेगळी असतात, दोघांचा वेग अगदी एकसारखा नसतो. दहा लाखात वीस इतकासाच फरक धरला तरी तासाभरात ७२ मिलिसेकंद होतात. म्हणून शेवटची टाळी.

मुलाखतीत मी वेग बदलत बसत नाही. बोलण्यात जिथे श्वास घ्यायला थांबतात तिथे वेव्ह कापते आणि एक फ्रेम सरकवते, असं एकदोनदा केलं की झालं. संगीत असेल तर कापता येत नाही, तिथे वेगाची टक्केवारी दशांशात बदलून शेवटची टाळी जुळवायची. फरक तासाला सेकंदांमध्ये असेल, साधारण साडेतीन सेकंद, तर ते घड्याळ नव्हे. कुणीतरी २४ आणि २३.९७६ची गल्लत केलीय, सेटिंग तपासा.

पायलट कुठे ठेवायचा

सगळं बसलं की काही जणांना वाटतं, पायलटही थोडा चालू ठेवू, खोलीचा माहोल येईल. कॅमेरा अडीच मीटर लांब, म्हणजे त्याचा आवाज लेपलपेक्षा सात मिलिसेकंद उशिरा आलेला. दोन्ही एकत्र वाजले की आजोबा पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखे ऐकू येतात. माहोल हवा असेल तर शूटच्या वेळी सगळ्यांना गप्प बसवून मिनिटभर रिकाम्या खोलीचा आवाज घेऊन ठेवा आणि तो खाली हलका चालवा. पंख्याची ती घरघर अगदी थोडी असली की खोली खरी वाटते.

पायलट म्यूट करा, पण डिलीट करू नका. आमच्या त्या मुलाखतीत ३१व्या मिनिटाला आजोबांनी खिशात हात घातला आणि लेपलची वायर निघाली. चार सेकंद रेकॉर्डरवर नुसती खरखर. त्या चार सेकंदांत ते म्हणतात, “मग भोंगा वाजलाच नाही.” कटमध्ये ते वाक्य अजूनही पायलटचंच आहे, पंख्यासकट.

साउंड स्टुडिओला एएएफ (कट दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेणारी फाइल) पाठवताना तेवढ्या तुकड्यावर मार्कर लावून लिहा, ‘इथे कॅमेरा साउंड’, आणि प्रत्येक तुकड्याला दोन्ही बाजूंना दोनतीन सेकंदांचे हँडल, म्हणजे कटच्या बाहेरचा जादा आवाज, द्या.